तारीख कोणाची, घड्याळ कोणाचे?

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव महानुभाव पंथाची काशी म्हणून ओळखले जाते. श्रीगोविंदप्रभूंच्या दीर्घ वास्तव्याने पुनीत झालेल्या या गावी, वाजेश्वरीच्या परिसरात बसून, शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ ज्या पद्धतीने तयार झाला, ती आजच्या कोणत्याही शास्त्रशुद्ध नोंदणीला शोभावी अशी आहे. श्रीचक्रधरस्वामींचे सान्निध्य ज्यांना लाभले होते, त्यांच्याकडे म्हाइंभट स्वतः गेले. प्रत्येक आठवण त्यांनी ऐकली, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतली आणि मगच लिहिली. लीळा कोणत्या ठिकाणी घडली, हे सांगण्याकडे त्यांचा विशेष कटाक्ष होता. पुढे पंथात ‘स्थानपोथी’ नावाचा, केवळ स्थळांच्या नोंदींना वाहिलेला ग्रंथच निर्माण झाला. घटना आणि तिचे स्थान यांची फारकत करावयाची नाही, हा या साऱ्यामागचा दंडक होता.

हा दंडक एका पंथापुरता नाही. घराघरांत कोणत्याही पूजेचा आरंभ संकल्पाने होतो आणि संकल्पात प्रथम देशाचा, मग कालाचा उच्चार होतो. यजमान कोठे बसला आहे, हे सांगितल्यावाचून आज कोणता दिवस आहे, हे सांगता येत नाही, अशी त्यामागील धारणा आहे. गुरुजींच्या मागोमाग हे शब्द उच्चारणाऱ्या गृहस्थाला बहुधा त्यातील मर्म जाणवत नाही. परंतु तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी बँकेत, कचेरीत किंवा दुकानात ज्या संगणकप्रणालीपुढे बसतो, तिच्या कारभारात आज जे अनेक घोटाळे होतात, त्यांचे मूळ देशाविना काल मोजण्याच्या सवयीत आहे.

तीन दिवसांत बदललेला आठवडा

२२ जानेवारी २०२४ हा दिवस कोणत्याही रामभक्ताच्या विस्मरणात जाणार नाही. त्या दिवशी अयोध्येत श्रीरामलल्लांची प्राणप्रतिष्ठा झाली. पंचांगाप्रमाणे ती पौष शुद्ध द्वादशी होती. भारत सरकारच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे २ माघ १९४५ हा दिनांक होता. इंग्रजी पद्धतीने सोमवार, २२ जानेवारी. दिवस एक आणि त्याची नावे तीन. तीही अशी की, एक कालगणना पौष म्हणते आणि दुसरी माघ.

त्या सोमवारी महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक सुटी दिली. ती जाहीर झाली १९ जानेवारीला, शुक्रवारी. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना आणि सार्वजनिक क्षेत्रातील बँकांना दुपारी अडीचपर्यंत अर्ध्या दिवसाची सुटी होती. शेअर बाजार सोमवारी बंद राहिला आणि त्याआधीचा शनिवार, २० जानेवारी, पूर्ण व्यवहाराचा दिवस ठरला. रिझर्व्ह बँकेने नाणेबाजार बंद ठेवला. म्हणजे अवघ्या तीन दिवसांत शनिवार कामाचा झाला, सोमवार सुटीचा झाला आणि काही कचेऱ्यांसाठी तोच सोमवार अर्धा सुटीचा, अर्धा कामाचा झाला. समाजाने हा बदल आनंदाने स्वीकारला. माणसांना तो समजावून सांगावा लागला नाही. अडचण आली ती यंत्रांची.

ज्या संगणकप्रणालीत शनिवार आणि रविवार म्हणजे सुटी आणि बाकीचे पाच दिवस कामाचे, असे गृहीतक आज्ञावलीतच घट्ट बसवलेले असते, तिला हा आठवडा कळूच शकत नाही. समजा, एखाद्या निवृत्त शिक्षकाची पाच लाखांची मुदत ठेव नेमकी २२ जानेवारीला परिपक्व होत होती. रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. परिपक्वतेचा दिवस बँकेच्या कामाचा नसेल, तर पुढील कामकाजाच्या दिवशी रक्कम द्यावी आणि मधल्या दिवसाचे व्याज मूळ ठरलेल्या दराने द्यावे. सात टक्के दराने एका दिवसाचे हे व्याज सुमारे ९६ रुपये होते. रक्कम लहान आहे. परंतु सुटी कोणाची होती आणि कोठे होती, हे प्रणालीला ठाऊकच नसेल, तर ते ९६ रुपये कोणाच्याही ध्यानात न येता ठेवीदाराच्या हातून निसटतात. अशा ठेवीदारांची संख्या मोठी असेल, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही, विश्वासाचा होतो.

हा प्रसंग अपवादात्मक होता, असे म्हणून तो सोडून देता येत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अनंत चतुर्दशी १७ तारखेला आली, म्हणून मुंबई शहर आणि उपनगरांत ईद-ए-मिलादची सुटी १६ वरून १८ सप्टेंबरला नेण्यात आली. नागपुरात मारबत आणि तान्हा पोळ्याचा दिवस जसा असतो, तसा तो मुंबईत नसतो. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्या जाहीर करतात. दर महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून सुटी आहे. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी मात्र बँक उघडी असते. १ एप्रिलची सुटी केवळ बँकांपुरती असते. भारताचे कामाचे दिवस हे असे जिवंत, जिल्ह्याजिल्ह्यांत बदलणारे आणि समाजजीवनाशी बांधलेले आहेत. ते परदेशी साच्यात बसत नाहीत, यात दोष साच्याचा आहे.

साडेपाच तासांचा फरक

सुट्यांइतकाच अवघड प्रश्न घड्याळाचा आहे. संगणकांच्या जगात वेळ मोजण्याची एक सर्वमान्य रीत अशी की, १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच येथील मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, एवढाच आकडा साठवायचा आणि दाखवताना ज्या त्या देशाच्या घड्याळात तो बदलून घ्यायचा. ही रीत मुळात चांगली आहे. भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असल्याने तो आरंभबिंदू भारतात पहाटे साडेपाचला येतो. घोटाळा होतो तो क्षण आणि दिवस यांतील भेद विसरल्यामुळे.

जन्मतारीख हा क्षण नाही, तो दिवस आहे. परंतु अनेक प्रणाली जन्मतारीखसुद्धा मध्यरात्री बाराचा क्षण म्हणून साठवतात. भारतातील मध्यरात्र म्हणजे ग्रिनिचच्या घड्याळात आदल्या दिवसाचे सायंकाळचे साडेसहा. वाचताना साडेपाच तास पुन्हा मिळवायचे राहून गेले की, १५ ऑगस्टला जन्मलेला मुलगा १४ ऑगस्टचा होतो. भारतीय संगणक अभियंत्यांत हा दोष इतका परिचयाचा आहे की, तो दिसताच अनुभवी माणूस साडेपाच तासांचा शोध घेऊ लागतो.

जन्मतारखेत एक दिवस चुकला तर दाखल्याची कटकट होते. हिशेबात चुकला तर वर्षच बदलते. वऱ्हाडातील एखाद्या कापूस व्यापाऱ्याने १ एप्रिलला पहाटे दोन वाजता, रुईच्या गाठींची गाडी भरून झाल्यावर, बिल तयार केले अशी कल्पना करावी. ग्रिनिचच्या घड्याळात तेव्हा ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. प्रणालीने तोच दिनांक धरला, तर नव्या आर्थिक वर्षातील विक्री जुन्या वर्षात जमा होते. वस्तू व सेवाकराच्या ई-वे बिलाचेही तसेच आहे. १ जानेवारी २०२१ पासून साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. हा ‘दिवस’ चोवीस तासांनी संपत नाही. बिल ज्या तारखेला निघाले, तिच्या पुढील दिवसाच्या मध्यरात्री संपतो. शनिवारी पहाटे दोनला निघालेले बिल प्रणालीने शुक्रवारचे मानले, तर मुदतीतून एक संपूर्ण दिवस गळून पडतो. नाक्यावर अडवलेल्या चालकाला ग्रिनिच ठाऊक नसते, तपासणी अधिकाऱ्यालाही नसते. दंडाची भाषा मात्र दोघांना कळते.

पुढे की मागे?

‘तीन महिन्यांनी’, ‘दहा दिवसांत’, ‘मुदत संपल्यावर’ हे शब्द बोलायला सोपे आहेत. त्यांचा अर्थ लावताना कायदासुद्धा एका सुरात बोलत नाही. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या २५ व्या कलमाप्रमाणे हुंडीचा किंवा वचनचिठ्ठीचा देय दिवस सार्वजनिक सुटीचा असेल, तर ती त्याच्या आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय समजली जाते. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या १० व्या कलमाप्रमाणे न्यायालय किंवा कचेरी बंद असल्याने मुदतीच्या शेवटच्या दिवशी काम करता आले नाही, तर ते पुढे कचेरी उघडेल त्या दिवशी केले तरी वेळेत केले असे मानले जाते. एक नियम दिवस मागे नेतो, दुसरा पुढे नेतो. दोन्ही रास्त आहेत. कारण एकात घेणेकऱ्याचे हित सांभाळले आहे आणि दुसऱ्यात नागरिकाची अडचण ओळखली आहे. तारखांचे गणित करणाऱ्या प्रणालीला म्हणूनच केवळ बेरीज येऊन भागत नाही. बेरजेमागचा न्याय कळावा लागतो.

रात्रपाळीच्या बाबतीतही कायद्याने हे तारतम्य दाखवले होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात असे म्हटले होते की, पाळी मध्यरात्र ओलांडून जात असेल, तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच मोजावेत. दिवस घड्याळाच्या बाराच्या ठोक्यावर तुटत नाही, श्रमाच्या सलगतेने ठरतो, हे त्यात मान्य झाले होते. साप्ताहिक सुटीचा इतिहासही या दृष्टीने उद्बोधक आहे. रविवारची सुटी ही इंग्रजांनी दिलेली भेट, असा एक सोयीस्कर समज आहे. वस्तुतः मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १८९० मध्ये मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे, हा त्यांच्या मागणीतील एक आधार होता. कामाची दिनदर्शिका ही समाजाने घडवायची वस्तू आहे, याचे हे देशी उदाहरण.

एकाच शहरातील दोन वेळा

भारतात प्रमाणवेळ एक असल्याने कालविभागांचा प्रश्न अमेरिकेचा किंवा रशियाचा, असे वरवर वाटते. इतिहास निराळे सांगतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. मुंबईने ती सहजासहजी स्वीकारली नाही. गिरणी कामगारांनी निषेध केला, नागरिकांनी विरोध केला आणि महापालिकेने त्याच वर्षी आपली घड्याळे पुन्हा ‘मुंबई टाइम’वर नेली. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ही वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. सुमारे अर्धे शतक त्या शहरात रेल्वेचे घड्याळ एक सांगत होते आणि महापालिकेचे दुसरे. परकीय सत्तेने वरून लादलेली वेळ नाकारणे, हा त्या पिढीचा एक निषेधाचा मार्ग होता.

पुढे दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, देशभराची घड्याळे एक तास पुढे करण्यात आली. जुने ज्योतिषी हे विसरलेले नाहीत. १९४३ मध्ये सकाळी सात वाजता जन्म, असे सांगितले की, ते एक तास वजा करूनच कुंडली मांडतात, आणि जन्म मुंबईचा असेल तर ‘कोणत्या टाइमाने?’ असे आवर्जून विचारतात. संगणक असा प्रश्न विचारीत नाही. जगातील बहुतेक संगणक कालविभागांची एक सामायिक सारणी वापरतात. तीत भारताची नोंद कोलकात्याच्या नावाने आहे आणि युद्धकालीन बदलही त्यात नमूद आहे. ‘मुंबई टाइम’साठी मात्र स्वतंत्र नोंद नाही, कारण १९७० नंतर ज्या शहरांची घड्याळे सारखी चालली, त्यांना एका नावाखाली आणण्याचा त्या सारणीचा नियम आहे. यात कोणाचे कारस्थान नाही. सारणी करणाऱ्यांनी आपली मर्यादा उघडपणे सांगितलेली आहे. परंतु आपल्या इतिहासाचा जो भाग त्या मर्यादेबाहेर पडतो, त्याची नोंद आपण ठेवली नाही, तर दुसऱ्या कोणी ती का ठेवावी?

पंचांगकर्त्यांचा धडा

येथे एक मोह टाळला पाहिजे. आधुनिक यंत्रातील प्रत्येक युक्ती पूर्वजांना ठाऊक होती, असे सांगून टाळ्या मिळतात. काम होत नाही. पूर्वजांनी प्रत्यक्ष जे केले, तेच पुरेसे अभिमानास्पद आहे, आणि ते उपयोगाचेही आहे.

भारतीय ज्योतिर्गणितात ‘अहर्गण’ ही संकल्पना पायाभूत आहे. ठरावीक आरंभबिंदूपासून किती दिवस लोटले, त्याची सलग संख्या म्हणजे अहर्गण. महिने लहानमोठे असोत, अधिक मास येवो, तिथीचा क्षय होवो, सगळे व्यवहारातील नामकरण बाजूला ठेवून आधी दिवसांची निखळ मोजणी करायची आणि मग तिच्यावरून तिथी, मास, संवत्सर काढायचे. संगणक १९७० पासूनचे सेकंद मोजतो, त्यामागचा विचार याच जातीचा आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ रचला. अहर्गण फार मोठा होऊ नये, म्हणून त्यांनी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र कल्पिले आणि मोजणी त्या चक्रात आटोक्यात ठेवली. आकडा हाताबाहेर गेला की गणकाचे गणित चुकते, हे त्यांनी ओळखले होते. जुन्या धाटणीच्या संगणकांतील सेकंदांचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतात सकाळी पावणेनऊच्या सुमारास, आपल्या मर्यादेबाहेर जाणार आहे. आज घेतलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते त्या दिवसाच्या पलीकडे जातात. ज्यांनी आपल्या प्रणाली अद्याप सुधारल्या नसतील, त्यांच्यासाठी २०३८ हे दूरचे वर्ष राहिलेले नाही.

दुसरी संकल्पना ‘देशांतर संस्कारा’ची. उज्जयिनीच्या रेषेवर ग्रहगणित मांडायचे आणि मग आपले गाव तिच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस किती आहे, ते पाहून दुरुस्ती करायची. तिथी हा साऱ्या पृथ्वीला सामायिक क्षण. दिवस मात्र ज्याच्या त्याच्या सूर्योदयाचा. २०२४ ची गणेश चतुर्थी याचे सुंदर उदाहरण होते. भारतीय वेळेप्रमाणे चतुर्थी ६ सप्टेंबरला दुपारी तीनच्या सुमारास लागली आणि ७ तारखेला सायंकाळी साडेपाचच्या पुढे संपली. त्यामुळे पुण्यात गणपती ७ तारखेला बसले. अमेरिकेत तीच चतुर्थी ६ तारखेच्या पहाटे लागल्याने तेथे ती ६ तारखेलाच आली. आजीने दूरध्वनीवरून ‘आज आमच्याकडे गणपती बसले’ असे सांगितले, तेव्हा नातवाकडचा गणपती एक दिवसाचा झालेला होता. दोघेही बरोबर होते. देश वेगळा, म्हणून दिवस वेगळा.

तिसरा धडा कालगणनेच्या नावाचा. शिवजयंतीची शासकीय तारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे. जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद आहे. बहुतेक संगणकांना १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला, तर ते मंगळवार सांगतात. शकावली चुकली काय? मुळीच नाही. ही १९ फेब्रुवारी जुन्या ज्युलियन गणनेतील आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेत तो दिवस १ मार्च येतो, आणि १ मार्च १६३० ला शुक्रवारच होता. शकावलीकाराने तिथीसोबत वार लिहून ठेवला, म्हणून सत्य पडताळता आले. कोणत्या गणनेतील तारीख, हे न विचारणाऱ्या यंत्राने मात्र महाराजांच्या जन्माचा वार बदलून टाकला.

दुसऱ्याच्या सूर्यावर

या प्रश्नाची एक कौटुंबिक बाजू आहे. पुण्यातील हिंजवडी असो की नागपुरातील मिहान, हजारो मराठी तरुण-तरुणी अमेरिकेच्या घड्याळावर काम करतात. न्यूयॉर्क आणि भारत यांतील अंतर हिवाळ्यात साडेदहा तासांचे, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे. अमेरिकेने २००५ च्या कायद्याने हा बदल २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होईल, असे ठरवले. तेव्हा जगभरच्या प्रणालींत दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि त्यातील किती तरी काम भारतीय हातांनी झाले. दुसऱ्याचे घड्याळ अचूक लावून देण्यात या देशाचे तरुण जगात अग्रेसर आहेत. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र बैठकीची वेळ एका तासाने सरकली, म्हणून रात्रीचे जेवण मोडते, आणि दसऱ्याला रजा मागताना संकोच वाटतो. कारण ज्या दिनदर्शिकेवर त्यांचे काम चालते, तिच्यात दसरा नसतो.

रोजगाराचा अव्हेर करावा, असा याचा अर्थ नव्हे. प्रश्न स्वत्वाच्या जाणिवेचा आहे. परदेशी प्रणालीतील गृहीतके ही निसर्गाचे नियम नव्हेत. ती कोणत्या तरी समाजाच्या सवयी आहेत. दोन दिवसांचा शेवटआठवडा, पूर्ण तासांचेच कालविभाग, जानेवारीत सुरू होणारे वर्ष, या साऱ्या तिकडच्या सवयी. भारत साडेपाच तासांवर आहे, नेपाळ पावणेसहा तासांवर आहे, येथील आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये आणि व्यापाऱ्याचे वहीपूजन दिवाळीत असते. इकडचे सत्य सांगण्याचा अधिकार इकडच्या माणसाचा आहे, आणि ते कर्तव्यही त्याचेच आहे.

करावयाचे काम

डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून भारताने २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून शक गणनेची राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. राजपत्रावर तिचा दिनांक असतो. शक दिनांक हिंदीत लिहिलेला धनादेश बँकांनी ग्राह्य मानावा, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. तो धनादेश मुदतबाह्य आहे की नाही, हे ठरवण्यासाठी समकक्ष इंग्रजी तारीख काढावी, हेही त्यात आले. नियम आहे; नियम वापरणारे किती आहेत? सहकारी बँका, पतसंस्था, शिक्षणसंस्था यांच्या संचालक मंडळांवर कार्यकर्ते असतात. नवी प्रणाली घेताना तीन प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत. हिला शक दिनांक कळतो काय? हिच्यातील सुट्यांची यादी जिल्ह्यानुसार आणि ऐनवेळी बदलता येते काय? दिवस आणि क्षण यांतील भेद हिला कळतो काय? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळेपर्यंत खरेदीवर सही करू नये.

शासनाचेही काम आहे. सुट्यांची अधिसूचना माणसाने वाचण्यासाठी निघते. तीच अधिसूचना, जिल्हावार आणि दुरुस्त्यांसह, यंत्राला थेट वाचता येईल अशा रूपात त्याच क्षणी प्रसिद्ध झाली, तर २२ जानेवारीसारखा शुभदिन कोणाच्याही हिशेबात अडथळा ठरणार नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळेचा वापर कायद्याने बंधनकारक करण्यासंबंधी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. देशाची वेळ देशाच्याच राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या घड्याळावरून घ्यावी, हा त्यामागील विचार स्वागतार्ह आहे. घड्याळ स्वदेशी होत असेल, तर दिनदर्शिका मागे का राहावी?

उरतो प्रश्न भाषेचा. छत्रपती शिवरायांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला आणि त्याच सुमारास राज्यव्यवहारकोशही सिद्ध करवून घेतला. कालगणना आणि परिभाषा ही राज्याच्या स्वत्वाची दोन अंगे आहेत, हे त्यांनी जाणले होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘तारीख’ या शब्दाला ‘दिनांक’ हा पर्याय रूढ केला. त्यापुढची परिभाषा मात्र आजही अपुरी आहे. कालविभाग, कार्यदिवस, देय दिन, मुदतीची मोजणी यांसाठी कचेरीत एक शब्द, बँकेत दुसरा आणि संगणकाच्या पडद्यावर तिसरा दिसतो. म्हाइंभटांच्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. गौरवाचे सोहळे झाले. ते व्हावयास हवेच होते. आता कालव्यवहाराचा एक प्रमाण मराठी कोश त्या विद्यापीठाने हाती घ्यावा. त्यासाठी पंचांगकर्ते, विधिज्ञ, बँक अधिकारी आणि संगणक अभियंते एकत्र बसावेत. वऱ्हाडात, जेथे मराठी गद्याने पहिली शिस्तबद्ध नोंद केली, तेथेच हे काम व्हावे, यात औचित्य आहे.

सातशे वर्षांपूर्वी एका ग्रंथकाराने रिद्धपुरी बसून ठरवले की, लीळा लिहायची तर ती कोठे घडली, हेही लिहायचे. आज प्रत्येक धनादेश, प्रत्येक बिल, प्रत्येक जन्मदाखला ही समाजाच्या जीवनाची एक नोंद आहे. ती करणारे यंत्र परके असो वा देशी, तिच्यातील देश आणि काल आपले असावेत, एवढी जागरूकता दाखवणे अवघड नाही. संगणकाला संकल्प शिकवता येतो. त्यासाठी शिकवणाऱ्याला तो आधी समजलेला असावा लागतो.